उजवा रकाना

मार्च लागला की आमच्या हुडको कॉलनीतल्या घराला परीक्षेचा वास येऊ लागतो. तो नेमका कशाचा ते सांगता येत नाही. तापलेल्या गच्चीचा असतो, खोडरबराचा असतो, पंख्याच्या पात्यांवर वर्षभर साचलेल्या धुळीचा असतो आणि कुठून तरी लांबून येणाऱ्या मोहाच्या फुलांचाही असतो. मोहाची झाडं आता भिलाईत शोधावी लागतात, पण वास येतो. सून म्हणते, आई, तुम्हाला भास होतात. होत असतील. या वयात भास व्हायचेच तर ते चांगल्या वासाचे व्हावेत, एवढंच माझं म्हणणं.

काल संध्याकाळी माझी नात तन्वी इंग्रजीचे विरुद्धार्थी शब्द पाठ करत होती. ती हिंदीत जगते, इंग्रजीत परीक्षा देते आणि मराठी फक्त माझ्याशी बोलते, तीही उपकार केल्यासारखी. पलंगावर पालथी पडून, पाय हवेत नाचवत ती मोबाइलवर येणाऱ्या शब्दांना उत्तरं ठोकत होती. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. थोड्या वेळानं ती कंटाळली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, अब तुम बताओ. राइज का अपोज़िट?"

मी मेथीचं ताट खाली ठेवलं, उठले, दार उघडून बाहेर गेले आणि गेटपाशी जाऊन उभी राहिले.

उत्तर मला येत होतं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला ते येणारच. पण दिवेलागणीची वेळ होती, तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, अजून प्लांटमधून परतला नव्हता आणि माझे पाय माझ्या डोक्याला न विचारता उठले होते. आतून तन्वीचा आवाज आला, "आजी, बाहर क्यों चली गई?" मला खरोखर लाज वाटली. ज्या बाईनं वर्गात उभं राहून पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले, तिनं एका शब्दाला भिऊन अंगणात पळावं! पण ही लाज नवी नव्हती. तिची नि माझी ओळख फार जुनी, कॅम्प-वनमधली.

तेव्हा कॅम्प-वन म्हणजे खपरेलांच्या, म्हणजे कौलांच्या, आणि पत्र्यांच्या घरांची दाटी होती. रशियनांच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या पायाशी माणसं सापडेल तिथे राहत होती. पहिल्या भट्ट्या पेटल्या होत्या, पुढच्या उभ्या राहत होत्या. आमच्या एका बाजूला तेलुगू बोलणारं घर, दुसऱ्या बाजूला छत्तीसगढी मनटोरा काकी, समोर पंजाबी, मागे ओडिया. नळावर भांडण लागलं की ज्याचं त्याचं भांडण ज्याच्या त्याच्या भाषेत चालायचं आणि समेट मात्र हिंदीत व्हायचा. लाल धूळ सगळ्यांची सारखीच. आईनं धुतलेली पांढरी चादर संध्याकाळपर्यंत विटकरी व्हायची, आणि आई ती झटकत म्हणायची, "आमच्या गावी माती पायाले लागे, इथं डोक्यावर बसते."

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. धानाची शेती दोन काकांच्या हवाली करून बाबा इथे आले होते. ते खलाशी होते. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे, पोलादाच्या कामावरचा. दोरखंड, साखळ्या आणि कप्प्या लावून लोखंडाचे अवजड तुकडे वर चढवायचे, आणि ते नीट जागेवर बसावेत म्हणून स्वतः त्यांच्या आधी वर जाऊन बसायचं, हे त्यांचं काम. बाबा ते मजेत सांगत. वरून दुर्गची देवळं दिसतात म्हणत, आपल्या घराचा पत्रा चमकताना दिसतो म्हणत. आई त्यांना भात वाढत असे आणि यातलं काहीच तिला ऐकू येत नसल्यासारखा चेहरा ठेवत असे.

ती ऐकत नसे ते एका कारणानं. आमच्या घरात बोलण्याचे नियम होते आणि ते आईच्या ताब्यात होते. बाबा कामावर निघताना "येतो" म्हणायचे, "जातो" कधीच नाही. कुठे निघालात हे विचारायचं नाही. मागून हाक मारायची नाही. मीठ संपलं म्हणायचं नाही, मीठ वाढलं म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. हातातली बांगडी फुटली तर ती फुटली नाही, वाढवली. वाईट गोष्टीला घरात जागाच नव्हती. तिला दारातच अंगडं-टोपडं घालून दुसऱ्याच नावानं आत घ्यायचं. मराठी घरांतून हे सगळीकडे थोडंथोडं असे, पण आईकडे ते जरा कडक होतं, आणि बाबा उंचावर चढायला लागल्यापासून फारच कडक झालं. तिचं म्हणणं असं की दिवेलागणीला घर 'तथास्तु' म्हणत असतं. त्या वेळी जे बोलाल ते खरं होतं. म्हणून त्या वेळी तोंड सांभाळायचं.

आणि माझा अभ्यास नेमका त्याच वेळी चालायचा.

त्या वर्षी मी पाचवीत होते. आमची शाळा पत्र्याच्या एका लांब शेडमध्ये भरे, तीही पाचवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर सेक्टरमधल्या, म्हणजे कारखान्याच्या पक्क्या वसाहतीतल्या, नव्या शाळेत जावं लागणार होतं. तिथे इंग्रजीची तोंडी परीक्षा घेऊन मगच मुलं घेत. पास झाले तर मी भिलाईत राहणार, नाही झाले तर गावी काकांकडे जाणार आणि धाकट्या चुलत भावंडांना कडेवर घेऊन फिरणार, हे ठरलेलं होतं. बाबा वाईट नव्हते. त्यांना वाटत होतं की पोरीनं कॅम्पात रिकामं हिंडण्यापेक्षा गावचं दूध प्यावं. मला मात्र दूध नको होतं, भिलाई हवी होती.

तोंडी परीक्षेला विरुद्धार्थी शब्द हमखास येत. आमच्या बाई केरळच्या होत्या. त्यांना सगळे टीचर म्हणत. हिंदी त्यांनी इथे येऊन उचललेली आणि जशी उचलली तशीच वापरलेली. त्यांनी आम्हाला एक पातळ पुस्तक घ्यायला लावलं होतं. पानावर दोन रकाने. डाव्या रकान्यात शब्द, उजव्यात त्याचा उलटा. टीचर डावा म्हणणार, आपण उभं राहून उजवा म्हणायचा, झटपट, विचार न करता. विचार केला की चुकतं, असं त्या म्हणायच्या.

पहिल्या दिवशी मी चुलीशेजारी बसून मोठ्यानं घोकायला लागले. हॉट, कोल्ड. बिग, स्मॉल. आई भाकरी थापत ऐकत होती. लेकीच्या तोंडात इंग्रजी आलं म्हणून तिला कोण आनंद. प्रत्येक शब्दाला ती विचारायची, "याचा मतलब काय वं?" आणि मी मास्तरणीच्या थाटात सांगायची. गरम, थंड. मोठा, लहान. इथवर सगळं सुखात चाललं होतं.

"राइज," मी म्हटलं. "म्हणजे वर चढणे."

"तुये बाबा चढतात तसं?"

"हो. आणि फॉल म्हणजे पडणे."

आईचा हात पिठासकट माझ्या तोंडावर आला.

मी त्या दिवशी अर्थ सांगितला नसता तर काही झालं नसतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी दिवसभर डेड, फॉल, एण्ड घोकलं असतं तरी तिनं कौतुकानं भाकरी वाढली असती. पण मला अर्थ सांगण्याची हौस. मग मी वाद घालून पाहिला. म्हटलं, "आई, घराला इंग्रजी कुठे समजतं? ते मराठीत तथास्तु म्हणतं."

आईनं भाकरी उलटली. "इथं कोनत्या कोनत्या मुलुखाची मानसं आली हायेत. तो रशियन सायब बोलते तं दुभाष्या लागते. देवाले दुभाष्या लागते का? त्याले सगळं समजते." थोडं थांबून ती म्हणाली, "म्हनाचं असन तं बाहीर जाऊन म्हन. घरात नोको."

तडजोड अशी निघाली. डावा रकाना घरात, उजवा घराबाहेर. त्यातही सगळा उजवा रकाना वाईट नव्हता. आईनं एकेक शब्द पारखून घेतला. कोल्ड घरात चालेल, उन्हाळाच आहे. स्मॉल चालेल. पुअर नको. एम्प्टी नको, तांदळाच्या डब्यानं ऐकलं तर? गो नको. डेडचं तर नावच नको. कधी उलटंही व्हायचं. डार्क डावीकडे आणि लाइट उजवीकडे आला की मी बाहेर जाऊन डार्क म्हणायची आणि पळत आत येऊन लाइट. रोज दिवेलागणीला कॅम्प-वनच्या त्या बोळात हा खेळ चालायचा. मी उंबऱ्याच्या आत "अलाइव्ह" म्हणायची, धावत कुंपणाबाहेर जायची, निंबाच्या झाडाला "डेड" सांगायची आणि परत आत. आई चुलीशी बसून खुशाल असायची.

मनटोरा काकी दारात बसून हे पाहायची. एकदा तिनं विचारलंच, "काबर दउड़त हस ओ नोनी?" का पळतेस गं पोरी, म्हणून. मी म्हटलं, अभ्यास करते. तिनं तिच्या माणसाला आत हाक मारून काही सांगितलं आणि दोघं पोट धरून हसली. मीही हसले. त्या वेळी त्यात लाजण्यासारखं काही आहे हे मला कळलं नव्हतं. मोहाची फुलं पडायचे दिवस होते, संध्याकाळी वारा सुटायचा, पायाखाली माती अजून गरम असायची आणि धावत धावत शब्द पाठ होत होते. इतका आनंदाचा अभ्यास मी पुन्हा केला नाही.

माणसाचं अंग फार आज्ञाधारक असतं. त्याला जे शिकवाल ते ते शिकतं, आणि कुठे वापरायचं हे मात्र शिकत नाही.

परीक्षा जवळ आली तशी टीचरनं वर्गात सराव सुरू केला. एकेकाला उभं करायचं आणि शब्द फेकायचा. माझी पाळी आली. हॉट, कोल्ड. ओल्ड, यंग. मी धडाधड सांगत होते. टीचर खूश होऊन मान डोलवत होत्या. मग त्या म्हणाल्या, "राइज."

मी बाकाबाहेर पडले, वर्गातून चालत गेले, शेडच्या बाहेर पाऊल टाकलं आणि मोकळ्या मैदानाला सांगितलं, "फॉल." मग वळून परत जागेवर येऊन उभी राहिले.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही. मग पत्र्याची शेड हसण्यानं वाजायला लागली. टीचरनं फळ्यावर डस्टर आपटलं. "कहाँ जाता है तुम? आन्सर इदर बोलो." पुन्हा शब्द दिला, "फुल." मी पाय घट्ट रोवून उभी राहिले. एम्प्टी जिभेवर होतं, पण वर्गात तोंड उघडेना. घशात आईचा पिठाचा हात आल्यासारखं झालं. मी दाराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, तरी वर्ग पुन्हा हसत सुटला.

आणि दारात आई उभी होती.

मी त्या दिवशी डबा घरी विसरले होते, तो द्यायला ती आली होती. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात फडक्यात बांधलेला डबा. ती किती वेळची तिथे होती कोण जाणे. मी बाहेर येऊन मैदानाला उत्तर सांगितलं तेव्हा ती शेडच्या कोपऱ्याशी असली पाहिजे. तिनं सगळं पाहिलं होतं, अगदी जवळून पाहिलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, टीचरची हिंदी समजत नव्हती, पण हसणं कोणत्याही भाषेत समजतं. पोरं माझ्याकडे बघून हसत होती, मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं आणि आणखी हसली. आईला वाटलं असावं की आपलंच काही चुकलं. तिनं पदर पुढे ओढला, डबा उंबऱ्यावर ठेवला आणि मागे न बघता निघून गेली.

मला आईची लाज वाटली असं लिहिलं तर ते सोपं होईल. खरं तसं नव्हतं. मला तिच्यासाठी लाज वाटली. माझ्या घरात जी बाई प्रत्येक शब्द पारखून घेत होती, ती त्या उंबऱ्यावर डबा ठेवताना इतकी लहान दिसली की मला माझंच तोंड कुठे लपवावं कळेना. त्या डब्यातली भाकरी मी खाल्ली. रडत खाल्ली, पण सगळी खाल्ली, कारण परत नेली असती तर मी रडले हे तिला कळलं असतं.

त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलंच नाही, पोट दुखतं म्हणून पडून राहिले. बाबा जेवताना म्हणाले, "काय वं शके, अभ्यास झाला का सारा?" आईच परस्पर म्हणाली, "होते. दोन दिस रायले ना अजून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं देवापुढे दिवा लावला, आणि मग एक नवल केलं. बाहेरचं दार ओढून कडी घातली. दिवेलागणीला आमचं दार कधी बंद नसे, लक्ष्मी यायची वेळ. कडी घालून ती माझ्यासमोर येऊन बसली. "पुस्तक काढ."

मी काढलं.

"आज बाहीर जाऊ नोको. इथंच म्हन."

"आई, नको."

"कावून नोको? शाळेत कोन बाहीर जाऊ देईन तुले? थ्या सेक्टरच्या शाळेत तं हसतीन बी नाही, हाकलून देतीन."

मी डावा शब्द म्हटला. उजवा येईना. मी पुन्हा म्हटला, पुन्हा गप्प. दिव्याची ज्योत सरळ उभी होती, कुठे वारा नव्हता. बाबा अजून यायचे होते. कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता, म्हणजे ते वरून उतरले असावेत. किंवा नसावेत.

तेव्हा आई म्हणाली, "तू नाही म्हनत तं मी म्हनतो. मंग मायामागं म्हन."

आणि ती म्हणाली. पाठ होते तिला सगळे. इतके दिवस चुलीशी बसून ऐकत होती ती. तिनं गळ्यातली मंगळसूत्राची पोत मुठीत धरली, डोळे दिव्यावर ठेवले आणि म्हणाली, "फॉल." मग, जणू नुसत्या इंग्रजीत म्हणणं म्हणजे देवाला फसवणं झालं असतं, मराठीतही म्हणाली, "पडने."

"फॉल," मी म्हटलं.

"एम्प्टी. रिकामं."

"एम्प्टी."

"डेड." इथे ती थांबली. पोत धरलेली मूठ पांढरी पडली होती. "मेला."

मी म्हटलं, "डेड."

लिहिताना हात थांबतो तो पुढच्या गोष्टीशी. तिची मूठ सुटत नव्हती, आणि मला मजा यायला लागली होती. घशातला तो हात निघून गेला होता. शब्द सुटत होते, घरातल्या घरात, एका जागी बसून. तिनं सुरुवात करून दिल्यावर मी तिला थांबूच देईना. मी डावा म्हणायची, उजवा म्हणायची, पुन्हा डावा, पुन्हा उजवा, वेग वाढत गेला आणि मी हसायलाही लागले. आई माझ्याकडे बघत होती. ती हसली नाही, पण तिनं मला थांबवलंही नाही. मुलांना सुख होतं तेव्हा आईबापांचं काय चाललेलं असतं हे मुलांना दिसत नाही, हे खरं. पण मला दिसत होतं. तिची मूठ माझ्या समोर होती. त्याची लाज मला आजही वाटते, आणि ती कोणाला सांगून कमी होईल अशी नाही.

बाबांना त्या दिवशी उशीर झाला.

अंधार पडला तशी आई कडी काढून कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. मी हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही. बोळातून माणसं येत होती, सायकली येत होत्या, प्रत्येक सायकलीला ती थोडी पुढे व्हायची आणि परत मागे. मला भीती वाटली होती तसं काही घडलं नाही. बाबा जामुलकडच्या बाजाराला वळले होते, माझ्यासाठी परीक्षेला घालायचे बूट आणायला. सायकलीच्या दांड्याला बूट लटकत होते. ते खुशीत होते. आईनं बुटांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्यांना तिथेच अंगणात थांबवून घरात गेली, मीठमोहरी आणि सुकी मिरची घेऊन आली, त्यांच्यावरून ओवाळून चुलीत टाकली. मिरचीचा ठसका सगळ्यांना लागला.

"काय झालं वं?" बाबांनी हसत विचारलं.

"काही नाही. उन्हातून आले ना तुमी."

परीक्षेला मी ते बूट घालून गेले. नव्या शाळेतल्या बाईंनी शब्द विचारले, मी सांगितले. राइजही आला. मी जागेवरून हलले नाही. एक स्वच्छ, मोठा "फॉल" वर्गात पडला आणि कोणी हसलं नाही. बाईंनी "गुड" म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण तो शब्द मला माझ्या नाही, आईच्या आवाजात ऐकू आला. त्या दिवसापासून इंग्रजीत मला कधी अडलं नाही. पुढे मी त्याच विषयाची शिक्षिका झाले. वर्षानुवर्षं पोरांकडून डावे-उजवे रकाने घोकून घेतले, आणि एखादं पोरगं अडखळलं तर म्हणायची, विचार करू नकोस, विचार केला की चुकतं.

दिवस पुढे गेले. भट्ट्या उभ्या राहिल्या, बाबा वरचे खाली आले, आधी मुकादम झाले, मग म्हातारे. आम्ही कॅम्पातून सेक्टरच्या क्वार्टरमध्ये गेलो, तिथून या घरात. बाबा रिटायर होईपर्यंत आई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची. बाबा तिची थट्टा करायचे, सेक्टरमधल्या बायका करायच्या, मीही करायची. म्हणायची, आई, आता बाबा खुर्चीवर बसून काम करतात, खुर्चीवरून काय पडणार आहेत? ती घाईघाईनं माझ्या तोंडावर हात ठेवायची. मला ती जुनी सवय वाटे. बाबा रिटायर झाल्यावरही ते भाजी आणायला गेले की ती उभी राहायची. आम्हाला ते गोड वाटायचं. म्हाताऱ्यांचं प्रेम म्हणून आम्ही त्याचं कौतुक करायचो.

बाबा गेले ते अंथरुणात, झोपेत, ऐंशी पार करून. नातवंडं खेळवून, आंबे खाऊन, कोणाला त्रास न देता. लोक म्हणाले असं मरण भाग्यवंताला येतं. शेजारच्या बायका आईभोवती जमल्या. त्यातल्या एकीनं आईचा हात हातात घेऊन हलक्या आवाजात म्हटलं, "काकू, बांगड्या वाढवाव्या लागतात आता."

आईनं मान वर केली. "फोडा म्हना," ती म्हणाली. "आता कोनापासून लपवता?"

मी तिच्या शेजारी सरकले, खांद्यावर हात ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे, जणू कालच झालेल्या गोष्टीबद्दल बोलावं तसं म्हणाली, "मीनं म्हटलं होतं ना तवा."

"काय म्हटलं होतंस?"

"डेड."

मग कॅम्प-वनमधली ती बंद कडी दिसली, ती मूठ दिसली. मी म्हटलं, "आई, असं काय बोलतेस? बाबा ऐंशीचे होते. झोपेत गेले."

"हो," ती म्हणाली. "उशिरा आयकलं घरानं."

म्हणजे ती वाटच पाहत होती. त्या संध्याकाळपासून रोज. माझी शाळा, माझं कॉलेज, माझी नोकरी, माझं लग्न, या सगळ्याच्या मागे, दारात. तिनं ते शब्द माझ्यासाठी घरात आणले आणि नंतर प्रत्येक दिवेलागणीला ते खरे होऊ नयेत म्हणून उभी राहिली, आणि मी तिची थट्टा केली. घर ऐकत नसतं हे मला ठाऊक आहे. मी शिकलेली आहे. पण मी शिकले ते कसं, हेही आता मला ठाऊक आहे, आणि त्यापुढे माझ्या शिकलेपणाला बोलायला तोंड नाही.

आई गेली त्यालाही आता वर्षं झाली. काल मी गेटपाशी उभी होते तेव्हा तन्वी मोबाइल घेऊन बाहेर आली. "आजी, आन्सर नहीं आता क्या? हिंट दूँ?"

"येतं मला," मी म्हटलं.

"तो बोलो ना."

"थांब जरा."

ती माझ्याकडे बघत राहिली. आजीचं काहीतरी बिघडलंय असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मला पुन्हा लाज वाटली, पण मी जागची हलले नाही. रस्त्यावरचे दिवे लागले. एक मोटरसायकल आली, ती शेजाऱ्यांची. आणखी एक आली, ती पुढे निघून गेली. मग कोपऱ्यावर माझ्या मुलाची गाडी वळली, गेटात शिरली, त्यानं हेल्मेट काढलं आणि विचारलं, "आई, बाहेर का उभी?"

"काही नाही," मी म्हटलं. "उन्हातून आलास ना."

तो आत गेला. मी त्याच्यामागे आत आले, दार लावलं आणि तन्वीला म्हटलं, "हां, आता विचार."